झडती

नोटांच्या कारखान्यात, नाशिकरोडला,
सुटीचा भोंगा झाला की मी बायकांची झडती घ्यायचे.
कुमुदिनी तांबट रांगेत तिसरी-चौथी.
डबा उघडायची, पदर झटकायची,
ओठ मात्र हलत असायचे.
"काय पुटपुटतेस गं?"
"खार हरवलीय. जेलरोडपर्यंत सापडेल."

सापडायची बहुतेक.
एकवीस पुस्तकं झाली पुढे.
ती खार, तोतरा भोंगा,
गोदेच्या पुरात पोहत शाळेला गेलेलं बाक.
वाचनालयात सत्कार झाला तेव्हा
भाषणात तिनं चिवड्याचंच जास्त सांगितलं.

भाचीच्या लेकाला शेवटचं पुस्तक वाचून दाखवते,
अडखळत. चष्मा बदलायचाय.
त्यात एक पहारेकरीण आहे, जाडी,
सगळ्यांचे खिसे तपासते,
मुंगीचासुद्धा.
तो विचारतो, ही रडते का शेवटी?
पान उलटलं.
नाही रे. तिला शिंक येते.

कुमुदिनी जाऊन आठ वर्षं झाली.
सव्वीस वर्षं मी तिच्या अंगावरून हात फिरवले
आणि बाईनं
मलाच पळवलं की गेटातून.