सी ड्राइव्ह नावाचं फोल्डर

त्स्काल्तुबोचं जुनं आरोग्यधाम, खोली दोनशे चौदा.
इथल्या कोमट पाण्यात सांधे भिजवायला
कधीकाळी बडे अधिकारी उतरायचे.
मग आम्ही उतरलो, सुखुमीहून,
दोन पिशव्या आणि शिवणयंत्राचं नुसतं डोकं घेऊन.
आम्ही म्हणजे ते.
माझा जन्म इथलाच, मालिशच्या खोलीत,
जिथे आता जाबुलीमावशी मक्याची लापशी रटरटवते
आणि त्या कोपऱ्याला सगळे ओचमचिरे म्हणतात.
तिसरा मजला म्हणजे गाली.
पोस्टमनलाही पाठ झालंय.

बाबांनी कुतायसीच्या बाजारातून चार लारीला एक सीडी आणली.
ट्रॉलीबस चालवायचा खेळ, जर्मन,
वेष्टनावर ठसठशीत: फक्त विंडोजसाठी.
माझा लॅपटॉप संस्थेनं वाटलेला. त्यात लिनक्स.
विंडोजचे पैसे पडतात.
"चालेल?" बाबांनी विचारलं,
बावीस वर्षं सात नंबरची ट्रॉली हाकलेल्या माणसानं,
जणू मी डेपोची साहेबीण.

खेळ जागा झाला की आधी पत्ता विचारतो.
माझा सी ड्राइव्ह कुठाय? माझे फॉन्ट? माझी रजिस्ट्री?
मी त्याला एक फोल्डर बांधून दिलं,
दारावर पाटी लावली: सी ड्राइव्ह.
आत प्रोग्राम फाइल्स, विंडोज, सिस्टम थर्टी-टू,
खोल्या सगळ्या, सामान जेमतेम.
पाटी बघून तो आत येतो, निमूट चपला काढतो.

मधे एक दुभाषा लागतो, वाईन त्याचं नाव.
"जमिनीत पुरतो ती?" बाबा हसले.
नाही हो. खेळ त्याच्या भाषेत काही मागतो,
हा ते इथल्या भाषेत मागून आणतो.
"म्हणजे फसवतेस त्याला."
फसवत नाही. नक्कलही नाही ती,
तसं त्याच्या नावातच लिहिलंय.
बाबा गप्प झाले.
ओचमचिऱ्याकडून लापशी करपल्याचा वास आला.

पहिल्या रात्री आवाज नव्हता.
दुसऱ्या रात्री आवाज आला आणि समुद्र गेला,
पाण्याच्या जागी नुसता काळा चौकोन.
एक डीएलएल कमी होती. एकच.
ती मिळेपर्यंत मी चिडले, रडले,
जाबुलीमावशीच्या मुलावर उगाच खेकसले.
तिसऱ्या रात्री, दीड वाजता, पाणी हललं.

मागे काळ्या खिडकीत ओळी धावत होत्या:
फिक्समी, फिक्समी, हे अर्धवट आहे, हे अजून लिहिलेलं नाही,
फिक्समी.
आणि पुढे ट्रॉली चालत होती, घंटा वाजवत.

दोन थांबे बाबांनी नेमाने घेतले.
मग म्हणाले, "समुद्र चुकीच्या बाजूला आहे."
बाबा, हा गोल मार्ग आहे, एकाच दिशेचा.
"डेपोत जाताना डावीकडे असतो."
आणि त्यांनी अख्खी गाडी रस्त्यात वळवली.
वरचे दांडे तारांवरून निसटले,
दिवे गेले, गुण कापले गेले,
प्रवासी जर्मनमध्ये पुटपुटत उतरले.
ट्रॉली थांबली. समुद्र डावीकडे.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले,
हातमोजे शोधावेत तसा हात कमरेशी गेला.
"खाली उतरून दांडे लावायचे. कुठली कळ?"
मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या.
त्याला कळ नाही बाबा. या खेळात कुणी खाली उतरत नाही.

बंद करू?
"राहू दे," म्हणाले,
आणि बाहीनं काच पुसली.
धूळ तिच्या अलीकडे होती की पलीकडे,
मी विचारलं नाही.