फक्कीचं रिंगण

मार्चपासून शाळा सकाळची.
सातला प्रार्थना, मग मूल्यशिक्षणाची तासिका.
"डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या."
एक डोळा मिटलेला, दुसरा खिडकीबाहेर,
मोहाखाली पडलेल्या फुलांवर.
कुणी चिमटा काढी, कुणी खोटं खोटं घोरे.
मी अमरावतीहून बदली होऊन आलेली.
टेबलावर पट्टी आपटली की होते ती शांतता,
इतकंच मला ठाऊक.

मग एका सोमवारी, कबड्डीच्या मैदानात,
मधल्या रेषेपासून चार पावलांवर,
मुरमात, मुरमासारखीच
चार अंडी.
हेमकलाचा पाय पडता पडता राहिला.
वर टिटवीचा नुसता कल्लोळ.

डिलेश म्हणाला, "उचलून बांधीत ठेवून देऊ जी."
चैत्राच्या जत्रेत पिंपळटोल्याशी सामना,
दोन वर्षं आम्ही हरलेलो,
आणि चढाईला डिलेशसारखा गडी
चार गावांत नव्हता.
भागरताबाई खिचडीचा गंज घासता घासता बोलल्या,
"जागा हलली तं थे वळखनार नाई, बाबू."

मी काहीच बोलले नाही.
खरं सांगते, सुचलंच नाही.
डिलेशच पाय आपटत गेला, फक्कीचा डबा आणला,
अंड्यांभोवती रिंगण आखलं
आणि आपलंच अर्धं मैदान बाद केलं.

उरलेल्या अर्ध्यात सराव.
ओरडलं की ती उठायची,
उठली की ऊन थेट अंड्यांवर.
म्हणून मग कबड्डी कुजबुजत.
ओठांतल्या ओठांत कबड्डी कबड्डी,
पकड झाली तरी आरोळी नाही,
पडायचं तेही हळू, खाली कुणी निजल्यासारखं.
चौदा पोरं, धूळ,
आणि श्वास, श्वास.

पारा बेचाळीसवर गेला.
ते हेमकलानंच पाहिलं:
टिटवी बोरिंगजवळच्या डबक्यात उतरते,
पाणी पीत नाही, नुसतं पोट भिजवते,
तशीच ओली तुरुतुरु येऊन
रिंगणात बसते.
दुसऱ्या दिवसापासून पाणी प्यालेलं प्रत्येक पोर
दोन हापसे जास्त मारू लागलं.
मी सांगितलं नव्हतं.
दांडा कुरकुरतो म्हणून
कुणीतरी घरून वाटीभर तेलही आणलं.

जत्रेत हरलो. तिसऱ्यांदा.
शेवटची चढाई, डिलेश गडी मारून रेषेकडे झेपावला
आणि पंचाची शिटी: दम तुटला.
"आवाजच आला नाही," पंच म्हणाले.
तो म्हणत होता. मला ओठ दिसत होते.
सरपंच आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.
डिलेश ट्रॉलीत मागे बसून अख्खा रस्ता रडला,
गाव आलं तशी उडी मारली
आणि घराकडे न वळता
अंधारात, बॅटरी न लावता,
शाळेकडे गेला.

तीन पिल्लं निघाली.
मुरमाच्याच रंगाची, काडीएवढाले पाय,
पहिल्याच दिवशी पळणारी.
चौथं अंडं तसंच राहिलं.
हेमकला रोज विचारी, मी रोज "उद्या" म्हणे.
मग तिनं ते मोहाखाली पुरलं, मला न विचारता.
वही तपासून घ्यायला आली
तेव्हा नखांतल्या मातीवरून कळलं.

सत्र संपताना तक्ता भरायचा होता.
मूल्यशिक्षण, एप्रिल, घेतलेल्या तासिका:
मी शून्य लिहिलं.
केंद्रप्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं, कारण विचारलं.
बाहेर पोरं कबड्डी खेळत होती,
पुऱ्या मैदानावर, घसा फाटेस्तोवर ओरडत.
फक्की केव्हाच उडून गेली होती.
तरी चढाईला धावणारा जो तो
मधल्या रेषेपासून चार पावलांवर आला
की जरासा वळून जात होता.