कोरड्या हवेची वाट

पहिला पट्टा सायकलच्या ट्यूबचा कापला होता,
उभा, कात्रीनं, चार बोटं रुंद.
मोटर फिरली, पट्टा फिरला,
घुमटावर मात्र काही नाही.
हिदायतचाचा हसले, "काळ्या रबरात काजळी असती, पोरी.
तू वर चढवलेलं सगळं तीच खाली उतरवती."
उद्यमनगरात त्यांच्याच लेथवर झाले माझे दोन रोलर,
एक नायलॉनचा, एक ॲल्युमिनियमचा,
मधे किंचित फुगीर, पट्टा सरकू नये म्हणून.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले, ठिणगी पडली की बोलव.

घुमट म्हणजे लक्ष्मीपुरीतली दोन स्टीलची पातेली,
तोंडाला तोंड लावलेली.
दुकानदाराला वाटलं, रुखवत.
"नाव काय घालू?" म्हणत त्यानं मशीन उचललं
आणि मी ओरडले, नको, एक ओरखडासुद्धा नको!
टोक सापडलं की तिथनंच पळते ती.

खांबाला बोअरचा पाइप. मोटर आईच्या शिलाई मशीनची.
(ब्लाऊजं काय आता तू शिवणार?)

आणि दुसरा पट्टा
कपाटाच्या खालच्या खणात मिळाला:
फिकट पिवळा, रबरी, गुंडाळी न सुटलेला.
सीपीआरमधनं बाबांना दिलेला, खांद्याच्या व्यायामाला.
रोज वीस वेळा ओढायचा होता.
तीन वर्षांत त्याची पावडरसुद्धा उडाली नव्हती.

बाबा लाइनमन होते.
कळंब्याच्या पुढं, एका पोलवर,
कुणीतरी बंद आहे म्हणालं ती लाइन बंद नव्हती.
अकरा हजार डाव्या हाताच्या दोन बोटांतनं शिरले
आणि टाचेतनं निघून गेले.
बोटं गेली. बाबा राहिले.
तेव्हापासून घरातला बल्ब मी बदलते,
आणि ते अंगणात जाऊन उभे राहतात, पाठ करून.

त्यांना कसं सांगायचं, लाख व्होल्ट?
कधी दीड लाख?
वही पुढं केली. करंट बघा, नसल्यातच जमा,
मुंगी चावल्याएवढा.
त्यांनी वहीकडं बघितलंच नाही.
"लाइनला वही वाचता येत नसती."

ऑगस्ट सगळा फुकट गेला.
रंकाळ्याकडनं येणारी हवा पाइपवर घाम धरायची,
चढलेला भार भिंतीला, पडद्याला, कोण जाणे कुणाकुणाला
वाटून टाकायची.
ड्रायर मारला. शेगडी ठेवली.
दिवाळीत एकदाच, अंधारात, पातेल्यांच्या सांध्यापाशी
जांभळं काहीतरी सिस्स करून गेलं.
सांधा घासला. शून्य नंबरचा पेपर, चार रात्री.

मग फेब्रुवारी.
ओठ फुटले. आईची नायलॉनची साडी
तिच्याच पायांना चिकटून तडतडायला लागली,
ती वैतागली
आणि मी दोन-दोन पायऱ्या चढत माडीवर.

मोटर लावली. हातावरची लव उभी राहिली.
अर्थिंगची तार बांधलेली पळी जवळ नेली, अजून जवळ,
आणि टचकन्
बोटभर निळी रेघ.
परत. परत.
किती वेळ ते दारात उभे होते मला कळलं नाही.

काही बोलले नाहीत.
डावा हात पुढं केला, उरलेली तीन बोटं मिटून,
जिथं बोट संपतं ती गुळगुळीत जागा घुमटाकडं.
मी म्हटलं, बाबा, थांबा
पण ती थांबली नाही.

हात झटकला. उलटा करून बघितला, सुलटा करून.
"त्या दिवशी आवाजपण आला न्हवता," म्हणाले.
मग रबरी चप्पल काढली,
गार फरशीवर पाय नीट टेकले
आणि हात परत पुढं.

खालून आई, मोटर कधी देणार म्हणून.
चाचांना बोलवायचं राहून गेलं होतं.
बाबा वाकून रोलरकडं बघत होते.
"ढिला पडलाय. बंद कर आधी."
बटण मी बंद केलं, पिन त्यांनी स्वतः उपसून खिशात घातली.
मग पट्टा धरून ओढला,
खांद्यातनं, दात आवळून,
सोडला, परत ओढला.
मी मोजत बसले नाही.