चार बोटं जागा

दौलतगंजात माझं पाट्यांचं दुकान.
काल रात्री उदाजीराव इंगळ्यांचा धाकटा आला,
म्हणाला, सकाळपर्यंत हवी, दिल्लीहून फोन येतोच आहे:
'केंद्रीय मंत्री'.

मी दोन शब्दांमध्ये
चार बोटं जागा सोडली.
तो चिडला.
म्हटलं, ऐन वेळी 'राज्य' घालायला लागलं तर?

सकाळी टीव्हीवर शपथा.
मित्रपक्षाचे तीन, जातीसाठी एक,
विंध्यातला, माळव्यातला,
आणि आमच्या ग्वाल्हेरला
मागच्या रांगेतली खुर्ची,
तीही बघ्याची.

संध्याकाळी धाकट्यानं पैसे चुकते केले.
पाटी नेली नाही.

टर्पेंटाइननं पुसतोय.
'केंद्रीय' गेलं, 'मंत्री' गेलं,
आडनाव काही केल्या जाईना.

उद्या तिच्यावर लिहायचंय
'आटा चक्की'.
जागा पुरेल.