पोच

एकाच चिपवर आठ कोअर. शेजार नखाएवढ्या अंतराचा,
पण कुणी कुणाला पाहिलेलं नाही.
शून्याला पाचाशी बोलायचं असेल
तर मध्ये असते मेमरीतली चौसष्ट बाइटांची पेटी.
तीत मजकूर ठेवायचा,
मग शेजारच्या खुणेत शून्याचा एक करायचा,
आणि इंटरप्टचा एक चिमटा:
ऊठ, तुझं काहीतरी आलंय.
पाच हातातलं काम जिथल्या तिथे थांबवतो,
रजिस्टरं आवरून ठेवतो, येतो, वाचतो,
एकाचा पुन्हा शून्य करतो.
ती पोच.

हे मीच लिहिलेलं. ओउलूच्या या तिसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षं कर्नलमध्येच गेली माझी.
बाहेर उणे सत्तावीस, दुपारी दोनलाच दिवे,
आणि टेबलावरच्या उघड्या बोर्डाला हात शेकत बसलेला तानेली.

तीन आठवडे एकच दुखणं.
कधी चार दिवसांनी, कधी एका रात्रीत दोनदा,
पाचाला खूण दिसायची, तो पेटी उघडायचा,
आणि आत मागचाच मजकूर.
तोही तो इमानानं पुन्हा वाचायचा,
पोच द्यायचा,
आणि मशीन कुठेतरी भलतीकडेच कोसळायचं.

चिप खोटारडी आहे, तानेली म्हणाला.

गुरुवारी नोंदी हाती लागल्या.
खोटं कुणीच बोललं नव्हतं.
शून्यानं आधी मजकूर लिहिला, मग खूण केली;
त्याच्या स्वतःपुरतं सगळं क्रमानंच झालं.
पण मजकुराची ओळ दुसऱ्याच कॅशमधून यायची होती,
खुणेची हाताशीच होती,
ती पुढे निसटली.
बेचाळीस नॅनोसेकंद.
तेवढ्यात पाच येऊन गेला.

मी कॉफी घ्यायला उठले आणि यंत्रापाशी नुसतीच उभी राहिले.

आई सुओमुस्साल्मीकडे टपाल वाटायची.
एइनोचं घर रस्त्यापासून लांब, त्याचा एक पाय लाकडाचा.
म्हणून त्याचं पत्र असलं की
ती खांबाला लाल चिंधी बांधायची.
खिडकीतून चिंधी दिसली की तो ढकलस्लेज घेऊन यायचा,
पत्र काढायचा, चिंधी सोडायचा,
चौघडी करून पेटीत ठेवायचा.
वर्षानुवर्षं. एक शब्द न बोलता.

एका शनिवारी तिनं आधी चिंधी बांधली.
बोटं बधिर झाली होती, म्हणाली, गाठ आधी उरकून घेतली.
मग पिशवीत पाहते तर पत्र दुसऱ्याच गठ्ठ्यात गेलेलं,
गठ्ठा पुढच्या फाट्यावरच्या दुकानात.
अर्ध्या तासानं परत आली तेव्हा अंधार पडला होता.
हातमोज्यानिशीच पत्र फटीतून आत सारलं
आणि गाडी हाकली. खांबाकडे पाहिलं नाही.

सिर्क्काचं पत्र होतं, गोथेनबर्गहून:
रविवारच्या बसनं येते, फाट्यावर या, बाळ बरोबर आहे.

ती तासभर फाट्यावर उभी होती.
तीच बस माघारी निघाली, तीत ती चढली.
हे ड्रायव्हरनं आईला सांगितलं, सहज, तंबाखू भरता भरता.

सोमवारी आईनं पेटी उघडली.
तळाशी चिंधी, नीट चौघडी केलेली.
तिच्यावर पत्र.

पोच खाली, पत्र वर. तिनं मला एकदाच सांगितलं,
मी तेव्हा परीक्षेचा अभ्यास करत होते
आणि हं म्हणाले होते.

दुरुस्ती एका ओळीची.
मजकूर आणि खूण यांच्या मध्ये एक अडसर:
अलीकडचं सर्वांना दिसल्याशिवाय
पलीकडचं कुणालाही दिसायचं नाही.
पाचाच्या बाजूलाही तसाच एक लागला,
तो तानेलीनं दाखवून दिला;
मी फक्त पाठवणाऱ्याचाच विचार करत होते.

कारण लिही, तो म्हणाला.
मी लिहिलं: या चिपवर लेखनाचा क्रम गृहीत धरता येत नाही.
ते पुरेसं होतं.

अकरा दिवस झाले, मशीन चालू आहे.
बोर्डावर मोजे वाळत घालू नकोस
असं मी तानेलीला पुन्हा सांगितलंय.
त्यानं मान हलवली.
वाचलं की नाही, कोण जाणे.