चोवीस

डिकीत दोन डबे.
एकात रिव्हॉल्वर, पोट रिकामं केलेलं,
आईच्या विरलेल्या टॉवेलात गुंडाळलेलं.
दुसऱ्यात काडतुसं.
कुलपं दोन, किल्ल्या दोन,
दोन्ही आबांच्या बंडीच्या आतल्या खिशात,
आणि खिशाला वरून सेफ्टी पिन.

परवाना समोरच्या कप्प्यात,
करवीर ठाण्याची ना-हरकत त्याच्या पोटात घडी करून.
मुदत संपायला एकोणीस दिवस.
डॉक्टरांनी हात पुढं करायला सांगितला होता,
हात थरथरला,
आणि आबा स्वतःच म्हणाले, नका लिहू साहेब, मी देऊन टाकतो.
कोल्हापुरात भाव पडून मागितला,
बेळगावचा दुकानदार फोनवर नीट बोलला.
म्हणून बेळगाव.

बत्तीस वर्षं बँकेच्या रोकडगाडीवर.
परवान्यावर शिक्का सबंध भारताचा,
आणि आबा गेले गडहिंग्लजपर्यंत.

चिखलीतून निघालो तेव्हा उसाला पाणी सुटलेलं होतं.
गोकुळ शिरगाव, कागल.
आबा दर दहा मिनिटांनी विचारत होते,
डिकी लागलीय न्हवं?
लागलीय.
वाटेत कुठं थांबायचं नाही, चहाला बी नाही.
नाही थांबत.
दूधगंगेच्या पुलावर ते जरा ताठ बसले.
पलीकडं पाट्यांची अक्षरं गोल झाली.

कोगनोळीला हात आडवा आला.
मी काही बोलायच्या आधी आबा खाली उतरलेले,
टोपी काढून, पुन्हा घालून:
हिंदुराव ज्ञानू इंगवले. हत्यार आहे साहेब, परवान्याचं.
मग हत्याराचा नंबर, तोंडपाठ,
माझा मोबाईल नंबर त्यांना अजून येत नाही.

शिपाई तरुण होता, मिशी नुकती धरलेली.
बॉनेटवर रुमाल अंथरून त्यानं काडतुसं मोजली,
कानडीत, ओठांतल्या ओठांत.
पुन्हा मोजली.
पुस्तकात पंचवीस, इथं चोवीस.
एक येल्लि?

माझ्या पोटात गोळा आला.
आबा म्हणाले, मागचं पान बघा.

मागच्या पानावर निळ्या शाईची नोंद,
ठाण्याचा गोल शिक्का, अर्धा पुसट.
तो बोट ठेवून वाचत गेला, मराठी अडखळत:
महापूर. रात्री अंदाजे दोन. एक राऊंड हवेत.
कारण : नाव बोलावणे.

त्यानं मान वर केली.
नाव? कुणाचं नाव?

दोणी ओ, दोणी, आबा म्हणाले. होडी.
अंधारात लांबनं चालली होती.
हाका मारून घसा गेला, बॅटरी भिजलेली.
हिची आई स्लॅबवर, अंगात ताप,
पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला.

मी तेव्हा धारवाडात.
दोन दिवस फोन लागेना म्हणून
नेटवर्कला शिव्या देत स्वयंपाक करत होते.
नंतर आईला विचारलं तर म्हणाली,
नाव आली, बसलो, काय विशेष नाही.
जाईपर्यंत तेवढंच म्हणाली.

आबांनी पिन काढली,
किल्ल्यांच्या खालनं पितळेची एक पुंगळी,
घासून घासून पिवळीधमक,
शिपायापुढं धरली.
त्यानं ती उलटी केली, आत बघितलं,
जणू आत अजून काही असेल.
मग आबांच्या तळव्यावर ठेवली,
आणि तळवा हलत होता म्हणून
त्यांची बोटं स्वतःच मिटवली.
आयतु, होग्री अज्जा.

बेळगावात अर्ध्या तासात सगळं झालं.
सह्या तीन. चोवीस मोजून घेतली.
टॉवेल तेवढा आबांनी परत मागितला.

येताना डिकी उघडी राहिली असती तरी चाललं असतं.
संकेश्वरला चहा घेतला, बशीतून, सावकाश.
किंमत किती आली, ते त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

तवंदीच्या घाटात, वळणावर,
आबांनी पुंगळी ओठाला लावली,
पोरं पेनाचं टोपण लावतात तशी,
आणि फुंकली.
पहिल्यांदा नुसता वारा.
मग बारीक, लांब, धारदार शिट्टी,
गाडीभर.

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

बाजू दे त्याला, आबा म्हणाले,
आणि खिडकीबाहेर बघत राहिले.