शंभरीत ऐंशी

जुबैल, कॅम्प नंबर चार. पहाटेचे पावणेतीन.
खिडकीत रिफायनरीची ज्वाळा, विझत नाही कधी.
मस्टरवर रेघा मारता मारता
टाइमकीपर इब्राहिम परकार सांगतो:
रोमन फौजेत तंबूला माणसं आठ.
आठांत मिळून एक जातं, एक खेचर.

आमच्या खोलीत बंक आठ.
जात्याच्या जागी राइस कुकर.
खेचर, ज्याची पाळी असेल तो.

अशा दहा तंबूंची शंभरी.
"म्हणजे ऐंशीच की," मी म्हटलं.
"वीस कागदावर असतील," तो हसला,
"मस्टर कोण लिहितं, बघ."

रांगेच्या मागून काठी घेऊन एक जण चालायचा,
कचरणाऱ्याला पुढे ढकलायला.
त्याचं नाव घ्यायची गरज पडली नाही.

आणि शताधिपती गेला,
नवा अजून आला नसला,
तर तुकडी गेलेल्याच्याच नावाने चालायची.

चारला बस लागली.
"घाणेकर गँग!" खालून हाक आली.

घाणेकर मार्चमध्येच गेला चिपळूणला,
पेटीतून.

हेल्मेटचे पट्टे आवळत
आम्ही एकोणऐंशी जण म्हणालो,
हजर.